चाइल्ड थीम लावली की साइट विस्कटते, नाहीतर बदल दिसतच नाहीत : नेमकं कुठे अडतं ते असं शोधा

वर्डप्रेसच्या साइट्स सांभाळताना एक तक्रार फिरून फिरून येते. थीमला अपडेट आलं की फूटरमधला नाहीतर हेडरमधला बदल उडतो, मग कोणीतरी सांगतं की अरे चाइल्ड थीम कर, म्हणजे मूळ (पेरेंट) थीमला हात न लावता तिच्यावर आधारलेली, फक्त आपले बदल ठेवणारी वेगळी छोटी थीम, मग तो माणूस एका संध्याकाळी बसून चाइल्ड थीम करतो, अ‍ॅक्टिव्हेट करतो आणि बघतो तर साइटवर नुसती काळी अक्षरं आणि निळ्या लिंका. घाबरून तो परत मूळ थीमवर जातो, तीच फाइल परत हाताने बदलतो, आणि पुढच्या अपडेटला पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. माझ्याकडूनही एका संस्थेच्या साइटवर हे सलग तीन अपडेटला झालं, तिसऱ्या वेळी मात्र ठरवलं की आता मुळापर्यंत जायचंच.

अपडेटमध्ये बदल का उडतो ते आधी सांगते. थीम अपडेट होते म्हणजे तिचं जुनं फोल्डर काढून त्या जागी नवीन ठेवलं जातं, जुन्या आणि नव्या फाइली मिसळल्या जात नाहीत. त्यामुळे त्या फोल्डरमध्ये तुम्ही जे काही लिहिलं असेल ते जाणारच. आणि २०२० मध्ये वर्डप्रेस ५.५ आल्यापासून थीमचं ऑटो अपडेट डॅशबोर्डवरूनच एका क्लिकवर चालू करता येतं, त्यामुळे आता बदल कधी उडाला हेसुद्धा कळत नाही, सकाळी साइट उघडली की कळतं. ऑटो अपडेट बंद करून ठेवणं हा उपाय नाही, त्यात सिक्युरिटीचे फिक्स पण येत नाहीत. चाइल्ड थीमच करायची, फक्त नीट करायची.

एक आधीच सांगून ठेवते, फाइलींची आणि फंक्शनची नावं मी इथे उच्चाराप्रमाणे लिहितेय, प्रत्यक्ष कोडमध्ये ती रोमन लिपीतच लिहायची आणि फंक्शनच्या नावातल्या शब्दांमध्ये अंडरस्कोर असतो.

थीम यादीत दिसत नाही, किंवा पेरेंट थीम मिसिंग असा मेसेज येतो

चाइल्ड थीमला कमीत कमी काय लागतं, तर थीम्सच्या फोल्डरमध्ये एक वेगळं फोल्डर आणि त्यात एक स्टाइल डॉट सीएसएस फाइल (सीएसएस म्हणजे पान कसं दिसावं त्याचे नियम), जिच्या सुरुवातीच्या कमेंटमध्ये दोन ओळी असतात, थीम नेम आणि टेम्प्लेट. थीम नेममध्ये काहीही लिहा, चालतं. टेम्प्लेटमध्ये मात्र पेरेंट थीमच्या फोल्डरचं नाव लागतं, डॅशबोर्डवर जे छान नाव दिसतं ते नाही. इथे निम्मे लोक अडतात. नावात स्पेस असते, फोल्डरमध्ये हायफन असतो, किंवा हायफन पण नसतो, सगळं जोडून असतं. फोल्डर उघडून बघा आणि तिथून कॉपी करा, आठवणीवर टाइप करू नका.

त्यातही लहान-मोठ्या अक्षरांचा घोळ असतो. विंडोजच्या कॉम्प्युटरवर फोल्डरचं नाव कॅपिटल आहे की स्मॉल याने काही अडत नाही, लिनक्सच्या सर्व्हरवर अडतं. म्हणून घरी लॅपटॉपवर सगळं मस्त चाललेलं असतं आणि सर्व्हरवर टाकलं की पेरेंट थीम सापडत नाही म्हणून बोंब. गिटहबवरून झिप डाउनलोड करून पेरेंट थीम टाकली असेल तर आणखी एक गंमत होते, त्या झिपमधल्या फोल्डरच्या नावाला मागे ब्रँचचं नाव चिकटलेलं असतं, हायफन मेन नाहीतर हायफन मास्टर. टेम्प्लेटची ओळ अगदी बरोबर असते पण फोल्डरचंच नाव वेगळं झालेलं असतं. फोल्डरचं नाव सरळ करा, चाइल्डला हात लावायची गरज नाही.

ही ओळ दुरुस्त केली तरी फरक पडला नाही असं झालं तर बिचकू नका. थीम अ‍ॅक्टिव्हेट करताना पेरेंटचं नाव डेटाबेसमध्ये लिहून ठेवलं जातं आणि नंतर तिथूनच वाचलं जातं, म्हणून एकदा दुसरी कुठली तरी थीम लावायची आणि परत चाइल्ड लावायची. मी यात अख्खी दुपार घालवलीय, फाइल बरोबर होती, डेटाबेसमध्ये जुनं नाव बसलेलं होतं.

आणि चाइल्डची चाइल्ड होत नाही. तुम्ही विकत घेतलेली थीम मुळात दुसऱ्या कुठल्या फ्रेमवर्क थीमची चाइल्ड असेल तर टेम्प्लेटमध्ये तिचं नाव देऊन उपयोग नाही, वर्डप्रेस तिला पेरेंट म्हणून घेतच नाही. तिथे बदल छोट्या प्लगइनमध्ये ठेवणं हाच मला बरा मार्ग वाटतो.

साइटचं सगळं डिझाइन गेलं

सगळ्यात जास्त वेळ इथे जातो आणि नेटवरचं कोड न बघता चिकटवल्यामुळे सगळ्यात जास्त गोंधळही इथेच होतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पेरेंट थीम स्वतःची स्टाइल फाइल पानावर आणते तेव्हा तिच्या कोडमध्ये त्या फाइलचा पत्ता दोन पद्धतीने मागता येतो. एक म्हणजे गेट स्टाइलशीट यूआरआय किंवा स्टाइलशीट डिरेक्टरीवालं फंक्शन, दुसरं म्हणजे गेट टेम्प्लेट डिरेक्टरी यूआरआय. वर्डप्रेसच्या भाषेत स्टाइलशीट म्हणजे जी थीम आत्ता अ‍ॅक्टिव्ह आहे ती, आणि टेम्प्लेट म्हणजे पेरेंट. चाइल्ड नसते तोपर्यंत दोन्ही एकच असतात म्हणून थीम बनवणाऱ्यालाही फरक जाणवत नाही. चाइल्ड लावली की पहिलं फंक्शन चाइल्डच्या फाइलचा पत्ता देतं, आणि तुमची ती फाइल तर जवळपास रिकामी असते, चार ओळींची कमेंट. म्हणजे पेरेंटने प्रामाणिकपणे स्टाइल मागितली, मिळाली तुमची रिकामी फाइल, आणि साइट उघडी पडली.

म्हणून नेटवरचा तयार कोड चिकटवायच्या आधी एकच काम करा. चाइल्ड अ‍ॅक्टिव्ह असताना साइटचं पान उघडा, राइट क्लिक करून व्ह्यू पेज सोर्स, आणि त्यात स्टाइल डॉट सीएसएस शोधा. स्पीडसाठी सीएसएस एकत्र करणारं प्लगइन असेल तर ते तेवढ्यापुरतं बंद ठेवा नाहीतर काहीच सापडणार नाही. आता जे दिसेल त्यावरून उत्तर ठरतं. फक्त चाइल्डची फाइल दिसतेय, तर पेरेंटची फाइल तुम्हाला आणायचीय. फक्त पेरेंटची दिसतेय, तर चाइल्डची आणायचीय. दोन्ही एकेकदा दिसतायत, तर थीमवाल्याने सोय करून ठेवलीय, तुम्ही काहीही करायचं नाही. आणि चाइल्डची दोनदा दिसतेय, तर तुम्ही कुठूनतरी कोड चिकटवलाय ज्याची गरज नव्हती, तो काढा.

काही थीममध्ये स्टाइल डॉट सीएसएसमध्ये नुसती माहिती असते आणि खरं सगळं सीएसएस अ‍ॅसेट्ससारख्या दुसऱ्या फोल्डरमध्ये. तिथे ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समध्ये नेटवर्कचा टॅब उघडून पान रिफ्रेश करा, एखादी सीएसएस फाइल लाल होऊन ४०४ दाखवत असेल आणि तिच्या पत्त्यात तुमच्या चाइल्डचं फोल्डर असेल, तर पेरेंट ती फाइल चुकीच्या ठिकाणी शोधतेय. म्हणजे परत तेच, टेम्प्लेटच्या जागी स्टाइलशीटवालं फंक्शन.

फाइल आणायची ती चाइल्डच्या फंक्शन्स डॉट पीएचपीमधून (थीमचा पीएचपी कोड ठेवायची फाइल), डब्ल्यूपी एनक्यू स्क्रिप्ट्स या हुकवर (हुक म्हणजे वर्डप्रेस ठरलेल्या क्षणी आपला कोड चालवतं ती जागा), डब्ल्यूपी एनक्यू स्टाइल या फंक्शनने. एनक्यू करणं म्हणजे पानावर आणायच्या फाइलींच्या रांगेत ती लावणं. सीएसएसमध्ये अ‍ॅट इम्पोर्ट लिहायची पद्धत जुन्या लेखांमध्ये अजून सापडते, ती सोडून द्या, ब्राउझर आधी चाइल्डची फाइल उतरवतो, ती वाचतो, मग त्याला कळतं की अजून एक आणायचीय, उगाच उशीर.

एनक्यू करताना हॅन्डल म्हणजे त्या फाइलचं टोपणनाव, आणि तिसऱ्या जागी डिपेन्डन्सी, म्हणजे ही फाइल कोणाच्या नंतर यायला हवी. चाइल्डची फाइल पेरेंटच्या नंतर यावी म्हणून तिथे पेरेंटचं हॅन्डल देतात. हे हॅन्डल पेरेंटच्या फंक्शन्स फाइलमध्ये बघून तंतोतंत द्यायचं. चुकीचं दिलं तर वर्डप्रेस तुमची फाइल पानावर आणतच नाही, आणि पानावर कुठलीही एरर दिसत नाही! पॅरेंट स्टाइल असं नाव नेटवरच्या उदाहरणात असतं म्हणून तेच डिपेन्डन्सीत लिहिलेल्या किती साइट मी पाहिल्यात, आणि ते नाव त्या साइटवर कोणी रजिस्टरच केलेलं नसतं. बरं, उलटंही होतं, तुम्ही तुमच्या फाइलला पेरेंटचंच हॅन्डल दिलंत तर एका नावावर एकच फाइल राहते, पहिल्याने जी नोंदवली ती, दुसरी गाळली जाते.

सीएसएस लिहिलं पण साइटवर दिसत नाही

आधी बघा की नवीन ओळ ब्राउझरपर्यंत पोचली का. सोर्समधल्या स्टाइल फाइलच्या लिंकवर क्लिक करा, फाइल उघडेल, त्यात तुमची ओळ आहे का? ओळ नसेल तर कॅशे, म्हणजे साठवून ठेवलेली जुनी प्रत, असेल तर सीएसएसचं भांडण, म्हणजे दुसरा नियम तुमच्यावर मात करतोय. या एका प्रश्नावर निम्मा वेळ वाचतो, कारण नाहीतर माणूस कॅशे असताना इम्पॉर्टंट इम्पॉर्टंट (नियम बळजबरीने लावायचा सीएसएसमधला शब्द) लिहीत सुटतो आणि सीएसएसचं भांडण असताना कॅशे साफ करत बसतो.

कॅशेचं असेल तर व्हर्जनकडे बघा. एनक्यूमध्ये व्हर्जन दिलं नाही तर लिंकच्या शेवटी वर्डप्रेसचाच व्हर्जन नंबर लागतो, तो तुमची फाइल बदलली म्हणून बदलत नाही, मग ब्राउझर म्हणतो माझ्याकडे आहे ही फाइल. काम चालू असताना मी व्हर्जनच्या जागी फाइल एमटाइम वापरते, म्हणजे फाइल शेवटची कधी सेव्ह झाली ती वेळ, प्रत्येक सेव्हला लिंक आपोआप बदलते. यातच एक बारीक खोच आहे. पेरेंट थीम स्वतःच्या फाइलला व्हर्जन देताना डब्ल्यूपी गेट थीम वापरत असेल तर चाइल्ड लावल्यावर ते फंक्शन चाइल्डचं व्हर्जन देतं. म्हणजे पेरेंट अपडेट झाली, तिचं सीएसएस बदललं, पण लिंकवरचा नंबर तुमच्या चाइल्डचा, जसाच्या तसा, आणि नेहमी येणाऱ्या लोकांना जुनंच सीएसएस दिसत राहतं, नवीन येणाऱ्यांना नवीन. "माझ्याकडे बरोबर दिसतंय, त्यांच्याकडे नाही" या तक्रारीमागे हे कारण मला दोनदा सापडलंय. पेरेंट अपडेट झाली की चाइल्डच्या स्टाइल फाइलमधलं व्हर्जन एकाने वाढवायचं, सुटला प्रश्न.

सीएसएसचं भांडण असेल तर इन्स्पेक्टमध्ये तुमचा नियम खोडलेला दिसेल आणि वर कोणाचा जिंकलाय तेही दिसेल. त्याच्याइतकाच नेमका सिलेक्टर, म्हणजे नियम कशाला लागू ते सांगणारा भाग, लिहा, बस.

पांढरं पान किंवा क्रिटिकल एररचा मेसेज

याचं एक नंबरचं कारण म्हणजे पेरेंटची फंक्शन्स फाइल चाइल्डमध्ये कॉपी करणं. बाकीच्या टेम्प्लेट फाइलींना कॉपी करूनच बदलायचं असतं, हेडर, फूटर, सिंगल, चाइल्डमधली फाइल असेल तर पेरेंटची वापरलीच जात नाही. म्हणून लोकांना वाटतं फंक्शन्सचंही तसंच. तसं नाही. फंक्शन्सच्या दोन्ही फाइली चालतात, आणि आधी चाइल्डची, मग पेरेंटची. कॉपी केलीत तर एकच फंक्शन दोनदा लिहिलं गेलं, पीएचपी तिथेच थांबतं. त्यात लोकांची दिशाभूल अशी होते की एररमध्ये शेवटी पेरेंटच्या फाइलचं नाव येतं, कारण दुसऱ्यांदा ते फंक्शन तिथे सापडलं. मग सगळे म्हणतात थीमच खराब आहे. एरर पूर्ण वाचा, प्रिव्हियसली डिक्लेअर्डच्या पुढे तुमच्या चाइल्डचं नाव असेल.

साइट बंद पडली असेल तर आधी ती उभी करा. वर्डप्रेस ५.२ पासून अशा वेळी अ‍ॅडमिनच्या ईमेलवर रिकव्हरी मोडची लिंक येते, पण साइटचे मेलच नीट जात नसतील तर त्या लिंकची वाट बघण्यात अर्थ नाही. होस्टिंगच्या फाइल मॅनेजरमधून किंवा एफटीपीने चाइल्डमधल्या फंक्शन्स डॉट पीएचपीचं नाव बदला. चाइल्डच्या पूर्ण फोल्डरचं नाव बदलायचं नाही, तसं केलं की डॅशबोर्डमधलं थीम्सचं पान उघडल्यावर वर्डप्रेस थीमच बदलून टाकतं. फंक्शन्सची फाइल नसली तरी चाइल्ड थीम चालते, साइट लगेच उभी राहील, मग शांतपणे चूक शोधा. डब्ल्यूपी कॉन्फिग फाइलमध्ये डीबग आणि डीबग लॉग चालू, डीबग डिस्प्ले बंद, की एरर पानावर न येता डब्ल्यूपी कंटेंट फोल्डरमधल्या डीबग डॉट लॉगमध्ये जमा होतात. काम झालं की बंद करायला विसरू नका, ती फाइल बाहेरच्यालाही वाचता येऊ शकते.

आधी चाइल्ड, मग पेरेंट, या क्रमामुळेच आणखी एक गोष्ट चालत नाही. पेरेंटने हुकवर लावलेलं काही काढायचं म्हणून चाइल्डच्या फाइलमध्ये सरळ रिमूव्ह अ‍ॅक्शन लिहिलं, काहीच झालं नाही. कसं होईल, तुम्ही काढताय तेव्हा पेरेंटने ते लावलेलंच नसतं. ते आफ्टर सेटअप थीम या हुकवर लिहा, आणि पेरेंटही तिथेच लावत असेल तर प्रायॉरिटी (एकाच हुकवरच्या कामांचा क्रम, छोटा आकडा आधी) ११ किंवा पुढची द्या. शिवाय पेरेंटने लावताना जी प्रायॉरिटी दिली होती तीच काढतानाही द्यावी लागते, नाहीतर निघत नाही. पेरेंटची एखादी स्क्रिप्ट काढायची असेल तरी हाच हिशोब, एनक्यूच्या हुकवर २० वगैरे प्रायॉरिटी देऊन.

पेरेंटमध्ये एखादं फंक्शन फंक्शन एक्झिस्ट्सच्या अटीत गुंडाळलेलं असेल तर मात्र त्याच नावाचं तुमचं फंक्शन चाइल्डमध्ये खुशाल लिहा, पेरेंट आपलं मागे घेते.

फाइल कॉपी केली, बदलली, तरी जुनंच दिसतं

फोल्डरची रचना जशीच्या तशी हवी. पेरेंटमध्ये फाइल टेम्प्लेट पार्ट्स नावाच्या फोल्डरात असेल तर चाइल्डमध्येही तसंच फोल्डर करून त्यात ठेवा. तरी नाही चाललं तर पेरेंट ती फाइल कशी बोलावते ते बघा, गेट टेम्प्लेट पार्टने बोलावत असेल तर आधी चाइल्डमध्ये शोधलं जातं, पण रिक्वायर लिहून टेम्प्लेट डिरेक्टरीचा थेट पत्ता दिला असेल तर तुमच्या फाइलकडे कोणी बघणारच नाही. इंक फोल्डरमधल्या फाइली बहुतेक अशाच असतात, तिथे हुकनेच काम करावं लागतं.

ब्लॉक थीम असेल, म्हणजे जिची टेम्प्लेट्सही ब्लॉकनीच बनलेली असतात, तर कारण वेगळं. जानेवारी २०२२ मधल्या ५.९ पासून साइट एडिटर आलाय आणि त्यात केलेला बदल फाइलमध्ये जात नाही, डेटाबेसमध्ये जातो, आणि डेटाबेसमधलं टेम्प्लेट फाइलवर मात करतं. चाइल्डमधली फाइल कितीही बदला, एडिटरमध्ये एकदा सेव्ह झालेलं असेल तर तेच दिसणार. साइट एडिटरमध्ये त्या टेम्प्लेटच्या पुढच्या मेनूत रीसेट असतं, ते केलं की फाइल दिसायला लागते, पण त्यात एडिटरमधलं काम जातं, आधी कॉपी करून ठेवा. आणि थीम डॉट जेसनमध्ये (ब्लॉक थीमचे रंग-फॉन्ट ठरवणारी फाइल) एखादाच रंग घालायला जाल तर पेरेंटची पूर्ण पॅलेट गायब होईल, पॅलेट एकत्र होत नाही, बदलली जाते, म्हणून जुने हवे असलेले रंगही परत लिहा.

लोगो, रंग, अ‍ॅडिशनल सीएसएस गेलं

गेलेलं नाही, पेरेंटच्या नावावर ठेवलेलं आहे. कस्टमायझरच्या (डॅशबोर्डमधून लोगो, रंग बदलायची जागा) सेटिंग्ज डेटाबेसमध्ये थीमच्या फोल्डरच्या नावाने साठतात, थीम मॉड्स आणि पुढे फोल्डरचं नाव. चाइल्ड नवीन, तिचा खण रिकामा. मेनू आणि विजेट वर्डप्रेस शक्यतो बरोबर घेऊन येतं तरी एकदा बघून घ्या. थोडंसंच असेल तर पेरेंटवर जाऊन स्क्रीनशॉट काढा आणि हाताने परत भरा, अ‍ॅडिशनल सीएसएस सरळ कॉपी पेस्ट. खूप असेल आणि डब्ल्यूपी सीएलआय (कमांड लिहून वर्डप्रेस हाताळायचं साधन) हाताशी असेल तर जुन्या ऑप्शनची किंमत जेसनमध्ये काढून नव्या ऑप्शनमध्ये भरता येते, बॅकअप घेऊन. पीएचपीमायअ‍ॅडमिनमध्ये (डेटाबेस थेट बघायचं साधन) ती किंमत हाताने एडिट करू नका, सीरियलाइज्ड असते, म्हणजे प्रत्येक मजकुराची लांबी बरोबर लिहून बांधलेली, एका अक्षराचा हिशोब चुकला की सगळीच वाचता येत नाही. म्हणूनच मी नवीन साइटवर पहिल्या दिवशी, कस्टमायझर उघडायच्याही आधी, चाइल्ड लावून टाकते.

आता जी साइट तीनदा बिघडली होती तिच्याबद्दल. चाइल्ड नीट बसल्यावर वर्षभर शांत होतं, मग पेरेंटच्या एका मोठ्या अपडेटनंतर मोबाइलवरचा मेनू उघडेना. चाइल्डमध्ये हेडरची जी फाइल मी कॉपी केली होती ती जुन्या रचनेची, आणि पेरेंटची नवीन स्क्रिप्ट बटणावर जो क्लास शोधत होती तो माझ्या कॉपीत नव्हताच. कॉपी केलेली फाइल कधीच अपडेट होत नाही, हे मला माहीत होतं पण लक्षात ठेवायची सोय मी केली नव्हती. तेव्हापासून कॉपी केलेल्या प्रत्येक फाइलच्या वर कमेंटमध्ये लिहिते, पेरेंटच्या कुठल्या व्हर्जनवरून घेतली आणि कुठल्या ओळी बदलल्या. अपडेट आलं की पेरेंटची नवीन फाइल आणि माझी, दोन्ही शेजारी ठेवून फरक बघते, कॉपी केलेल्या फाइली तीन-चारच ठेवल्यात त्यामुळे दहा मिनिटांत होतं. वूकॉमर्सची (ऑनलाइन दुकानाचं प्लगइन) टेम्प्लेट्स चाइल्डमध्ये घेतली असतील तर त्याच्या स्टेटसच्या पानावर शेवटी कुठली फाइल जुनी झालीय ते लिहूनच येतं, तेवढं तरी दर अपडेटला बघत जा.